यंत्रे बदलली, बीजगणित टिकले

‘क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा’ असे गणित परीक्षेत आले तर तुम्ही काय करता? ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५ येते अशा दोन संख्या शोधता. त्या २ आणि ३. मग उत्तर लिहिता, (क्ष + २)(क्ष + ३). या साऱ्या खटाटोपात क्षची किंमत किती, हे तुम्ही एकदाही विचारले नाही. तशी गरजच नव्हती. अक्षराला अक्षरच ठेवून त्यावर क्रिया करणे, हेच तर बीजगणित.

खिशातल्या साध्या कॅल्क्युलेटरला मात्र हे जमत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. क्षची किंमत दिल्याशिवाय तो एक पाऊलही पुढे टाकत नाही. मग संगणकाला तुमच्यासारखे बीजगणित शिकवता येईल का? येते. संगणकाने पायरीपायरीने काय करायचे हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. अक्षरांची गणिते सोडवणाऱ्या अशा बीजगणिती आज्ञावल्या गेली साठ वर्षे वापरात आहेत.

त्यांतल्या एकीची हकीकत मोठी नवलाची आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत तिचे काम सुरू झाले. ज्या जातीच्या यंत्रासाठी ती लिहिली, त्या यंत्रांची मालिका तिच्या कारखान्याने १९८३ मध्ये बंद केली. ज्या बोलीत ती लिहिली, ती बोलीही मागे पडली. तरीही तिची वंशज आज मेजावरच्या संगणकावर आणि खिशातल्या फोनवरही चालते, आणि तीही विनामूल्य. यंत्र मेले, बोली मेली, पण आज्ञावली जगली. हे कसे घडले, ते आता पाहू.

वीस वर्षांचे काम वीस तासांत

त्याआधी अशा आज्ञावलीची गरज कशाला, हे एका उदाहरणावरून समजून घेऊ.

चंद्र आकाशात नेमका कोठे असेल, हे सांगणे अतिशय किचकट काम आहे. पृथ्वी त्याला ओढते, सूर्यही ओढतो. चार्ल्स देलोने या फ्रेंच ज्योतिर्विदाने चंद्राच्या गतीचे एक प्रचंड सूत्र मांडले. त्यात संख्या थोड्या आणि अक्षरे फार. हे सूत्र तयार करायला त्याला सुमारे दहा वर्षे लागली आणि ते तपासायला आणखी दहा. १८६० आणि १८६७ मध्ये त्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. सगळे काम हाताने, कागदावर!

पुढे शंभर वर्षे ते सारे पुन्हा तपासण्याची हिंमत कोण करणार? अखेर १९७० मध्ये देप्री, आंरार आणि रोम या तिघा शास्त्रज्ञांनी ते काम संगणकावर सोपवले. त्यांनी देलोनेच्याच पावलावर पाऊल न ठेवता वेगळी, नवी पद्धत वापरली. संगणकाला सुमारे वीस तास लागले. देलोनेच्या कामात चुका सापडल्या फक्त तीन, आणि त्यांतल्या दोन तर पहिल्या चुकीतूनच पुढे आलेल्या होत्या. धन्य त्या देलोनेची! पण त्याचबरोबर हेही स्पष्ट झाले, की माणसाचे आयुष्य खाणारी बीजगणिताची हमाली यंत्रावर सोपवता येते.

संगणकाला ‘क्ष’ कसा कळतो?

संगणकाच्या स्मृतीत शेवटी शून्य आणि एक यांच्याखेरीज काही नसते. मग तेथे ‘२क्ष + ३क्ष’ कसे ठेवायचे? युक्ती अशी, की राशी यादीच्या रूपात मांडायची. यादीत पहिले नाव क्रियेचे, आणि पुढे ती क्रिया ज्यांवर करायची त्या वस्तू:

(बेरीज (गुणाकार २ क्ष) (गुणाकार ३ क्ष))

यादीत याद्या आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. कागदावर याचे चित्र काढले तर उलटे झाड दिसते. वर ‘बेरीज’ हे खोड, खाली ‘गुणाकार’ या दोन फांद्या, आणि टोकांना २, क्ष, ३, क्ष ही पाने. आज्ञावलीत नियम लिहून ठेवलेला असतो: बेरजेच्या फांद्यांमध्ये अक्षर सारखे असेल तर पुढच्या संख्यांची बेरीज करा आणि अक्षर एकदाच लिहा. नियम लागू होतो आणि झाड आटोपशीर होते:

(गुणाकार ५ क्ष)

क्षची किंमत संगणकाला आताही ठाऊक नाही, पण उत्तर बरोबर आहे. आणखी एक शिस्त तो पाळतो. ‘क्ष + १’ आणि ‘१ + क्ष’ या आपल्या दृष्टीने एकच राशी. पण यादी म्हणून पाहिल्या तर त्या वेगळ्या. म्हणून आज्ञावली पदांना नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने उभे करते. शाळेत प्रार्थनेला मुले उंचीप्रमाणे उभी राहतात ना, अगदी तसे. मग सारखे कोण, हे ओळखणे सोपे जाते.

याद्यांवर काम करण्यासाठी मुद्दाम घडवलेली एक संगणकभाषा आहे. तिचे नाव लिस्प. जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञाने १९५८ मध्ये ती घडवायला घेतली. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी १९६८ मध्ये बीजगणिती आज्ञावलीचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी लिस्पचीच एक बोली निवडली. तिला मॅकलिस्प म्हणत. त्या आज्ञावलीचे नाव पडले मॅक्सिमा. तिच्या आजच्या वंशजाचे नावही मॅक्सिमाच आहे. इंग्रजीत दोन्हींची स्पेलिंगे वेगळी आहेत, पण कानाला नाव एकच. म्हणून आपण पहिलीला ‘जुनी मॅक्सिमा’ आणि दुसरीला ‘मुक्त मॅक्सिमा’ म्हणू.

यंत्र अपुरे पडले

जुनी मॅक्सिमा पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावर चालत असे. या यंत्राच्या स्मृतीत घरे असत आणि प्रत्येक घराला क्रमांक, म्हणजेच पत्ता असे. पण त्याच्या पत्त्यात शून्य-एकच्या १८ जागाच होत्या. म्हणजे २ चा अठरावा घात, २,६२,१४४ इतकीच घरे. त्यापलीकडचे घर एका आज्ञावलीला दिसतच नसे. मॅक्सिमा वाढत गेली आणि घर अपुरे पडू लागले. पुढे ती यंत्रेच बंद झाली.

बरे, मग आज्ञावली उचलून दुसऱ्या यंत्रावर का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक जातीच्या यंत्राची स्वतःची यंत्रभाषा असते. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. आज्ञावली थेट यंत्रभाषेत लिहिली असती तर यंत्राबरोबर तीही भंगारात गेली असती. मॅक्सिमा वाचली ती एका कारणामुळे. ती यंत्रभाषेत नव्हती, लिस्पमध्ये होती.

पुरणपोळीची कृती वहीत लिहिलेली असते. ती चुलीवर करा, शेगडीवर करा, स्टोव्हवर करा की गॅसवर, कृती तीच. वेळ कमीजास्त लागेल, तव्याखालची आच वेगळी असेल, पण पोळी पोळीच होईल. मॅक्सिमा ही वहीतली कृती आणि लिस्प म्हणजे चूल. नव्या यंत्रावर कोणी लिस्पची चूल मांडली की मॅक्सिमा तेथे शिजवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी नेमके हेच केले. १९८० च्या सुमारास त्यांनी व्हॅक्स या यंत्रासाठी नवी लिस्प रचली आणि तिच्यावर जुनी मॅक्सिमा चालवली. त्या लिस्पचे नाव त्यांनी गमतीने फ्रान्झ ठेवले, कारण फ्रान्झ लिस्ट नावाचा एक थोर संगीतकार होऊन गेला!

‘वर्गप्रमुख’ म्हणजे कोण?

पण वाटते तितके हे स्थलांतर सरळ नसते. लिस्पच्या बोलीही अनेक झाल्या होत्या, आणि बोली बदलली की तेच वाक्य वेगळा अर्थ सांगू लागते. हा गोंधळ थांबवण्यासाठी १९८४ मध्ये कॉमन लिस्प ही सर्वांना समान अशी भाषा ग्रंथरूपाने मांडली गेली, आणि १९९४ मध्ये तिला अमेरिकेतील प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. जुन्या बोलीतून या नव्या भाषेत येताना कोणती अडचण आली, ती शाळेतल्या उदाहरणाने पाहू.

समजा, आठवीच्या वर्गात एक सूचना लिहिली: ‘वर्गप्रमुखाने फळा पुसावा.’ तोच कागद कोणी नववीच्या वर्गात नेऊन वाचला. आता फळा कोणी पुसायचा? आठवीच्या वर्गप्रमुखाने की नववीच्या? दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. मॅकलिस्पची साधारण रीत अशी, की सूचना जेथे वाचली जाते तेथला वर्गप्रमुख. कॉमन लिस्पची रीत अशी, की सूचना जेथे लिहिली तेथला. आज्ञावलीत अशी हजारो नावे असतात. एका नावाचा जरी अर्थ बदलला तरी उत्तर चुकते, आणि ते चुकले हे कळेलच असे नाही. म्हणून जेथे जुना अर्थच हवा, तेथे त्या नावाबद्दल ‘हे खास नाव आहे’ अशी स्पष्ट घोषणा लिहावी लागते. मुक्त मॅक्सिमाच्या संहितेत अशा घोषणा आजही जागोजागी दिसतात.

एका प्राध्यापकाचा चिकाटीचा वारसा

१९८२ च्या सुमारास जुन्या मॅक्सिमाला दोन वाटा फुटल्या. एक प्रत व्यापारी कंपनीकडे गेली. तिची संहिता, म्हणजे मूळ मजकूर, बाहेरच्यांना खुला नव्हता. दुसरी प्रत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे गेली. या दुसऱ्या प्रतीचा सांभाळ टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी केला. त्यांनी ती कॉमन लिस्पमध्ये आणली. एवढेच नव्हे, तर चूलही चांगली हवी म्हणून जपानमधील क्योटो विद्यापीठात युआसा आणि हागिया यांनी तयार केलेली कॉमन लिस्प घेऊन तिच्यात सुधारणा केल्या. तीच पुढे जीसीएल या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९९८ मध्ये शेल्टर यांनी ऊर्जा खात्याकडून एक महत्त्वाची परवानगी मिळवली. मॅक्सिमाची संहिता जगाला खुली करण्याची. खुली कशी? कोणीही ती चालवावी, वाचावी, बदलावी आणि इतरांना वाटावी. अट एवढीच, की बदललेली प्रत वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. अशा आज्ञावलीला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. २००१ मध्ये शेल्टर यांचे निधन झाले. एका माणसाने वीस वर्षे वाहिलेले काम तेथेच थांबले असते. पण संहिता खुली असल्यामुळे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी ती पुढे चालवली. व्यापारी वाटेवरची मॅक्सिमा मात्र १९९९ नंतर मागे पडली. दोघी एकाच आईच्या लेकी. पण जिची कृती वहीत सर्वांना वाचता येत होती तीच टिकली.

एक संहिता, अनेक पाये

आज मुक्त मॅक्सिमा एकाच नव्हे तर अनेक कॉमन लिस्पवर उभी करता येते. त्यांतल्या काहींची ओळख करून घेऊ.

लिस्पमध्ये लिहिलेले यंत्राला समजावे म्हणून कोणीतरी भाषांतर करावे लागते. एसबीसीएल ही लिस्प मजकुराचे थेट यंत्रभाषेत भाषांतर करते, म्हणून ती वेगवान आहे. ती कार्नेगी मेलन विद्यापीठात वाढलेल्या लिस्पमधून १९९९ मध्ये निघाली. कार्नेगी पोलादाचे कारखानदार, मेलन बँकवाले. म्हणून तिच्या नावात पोलाद आणि बँक हे दोन्ही शब्द आहेत! जीसीएल आणि ईसीएल या दोघी मजकूर आधी सी या भाषेत नेतात आणि तेथून यंत्रभाषेत. सी भाषा बहुतेक सर्व यंत्रांवर चालते, त्यामुळे ईसीएल दुसऱ्या आज्ञावलीच्या पोटातही बसू शकते. सीलिस्प ही १९८७ मध्ये जर्मनीत दोघा विद्यार्थ्यांनी अटारी या छोट्या संगणकासाठी सुरू केली. ती मजकुराचे एका मधल्या, आटोपशीर भाषेत रूपांतर करते आणि मग एकेक सूचना वाचत काम करते. जागा कमी लागते, पण वेळ जास्त.

अशा प्रकारे एखाद्या संगणकावर मजल्यांची इमारत उभी राहते. तळाला यंत्र, त्यावर विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली, त्यावर लिस्प, त्यावर मॅक्सिमा. गणिते नीट मांडून दाखवणारी डब्ल्यूएक्समॅक्सिमा नावाची खिडकी हवी असेल तर ती सर्वांत वर. खालचा मजला बदलला तरी वरच्याला कळू नये, हीच कारागिरी.

पायथन या लोकप्रिय भाषेच्या अंगणातही मॅक्सिमा पोचली आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सेज या मुक्त संग्रहात अनेक गणिती आज्ञावल्या एकत्र नांदतात. तुम्ही प्रश्न पायथनमध्ये विचारता. कलनशास्त्रातला काही भाग सेज आतल्या आत मॅक्सिमाकडे सोपवतो, आणि मॅक्सिमा तेथे ईसीएलवर चालत असते. भाषा निराळ्या, पण शेजार चांगला!

उत्तर तेच येते का?

आता खरा प्रश्न. पाया बदलला तर उत्तर बदलेल का?

पूर्णांक आणि अपूर्णांक यांची उत्तरे बदलता कामा नयेत. येथेही एक अडचण असते. ३२ जागांच्या घरात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे (एक जागा चिन्हासाठी). १ पासून १२ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ४७,९०,०१,६०० येतो, तो मावतो. पण १३ ने गुणले की ६,२२,७०,२०,८०० होतात आणि घर ओसंडते. लिस्प यावर शाळेतलीच युक्ती वापरते. मोठ्या संख्येचे तुकडे करून ती अनेक घरांत ठेवते आणि हातचा पुढे नेते. त्यामुळे घर लहान असो की मोठे, उत्तर अंकाअंकाने तेच. १/३ + १/६ विचारले तर ०.४९९९ वगैरे काही नाही, स्वच्छ १/२.

दशांश चिन्हाच्या संख्यांचे तसे नाही. १/३ आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, ०.३३३... असे लांबतच जाते. तसाच १/१० शून्य-एकच्या लिपीत पुरता लिहिता येत नाही. कोठेतरी तोडावा लागतो. म्हणूनच पायथनला ०.१ + ०.२ विचारा, उत्तर येते ०.३०००००००००००००००४. ही आज्ञावलीची चूक नव्हे, ती लिपीची मर्यादा आहे. अशा संख्यांची शेवटची घरे एका पायावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे दाखवू शकतात.

हे सारे तपासण्यासाठी मॅक्सिमाबरोबर उत्तरे ठाऊक असलेल्या हजारो गणितांचा एक संच येतो. नव्या लिस्पवर मॅक्सिमा उभी केली की आधी तिची ही परीक्षा घेतात. उत्तीर्ण झाली तर पाया भक्कम.

पण थांबा! एकच मॅक्सिमा दोन लिस्पवर चालवली आणि दोन्हीकडे उत्तर सारखे आले, तर ते बरोबरच असे म्हणता येईल का? नाही. एकाच वहीतली कृती चुकीची असेल, तर चुलीवर आणि गॅसवर पोळी सारखीच बिघडेल. दोन पायांची तुलना पायांची परीक्षा करते, कृतीची नव्हे. कृती तपासायची तर दुसऱ्याची वही हवी. ती मिळते. अँथनी हर्न यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली रिड्यूस २००८ मध्ये मुक्त झाली. सिमपाय ही संपूर्ण पायथनमध्ये लिहिलेली आहे. फ्रान्समध्ये बर्नार पारिस यांनी सी++ भाषेत रचलेली जिॲक तुमच्या ओळखीच्या जिओजेब्रात बीजगणिताचे काम करते. देलोनेची तपासणी वेगळ्या पद्धतीने झाली म्हणूनच ती खरी तपासणी ठरली, हे आठवा.

आणि सर्वांत जवळची वही तुमचीच. (क्ष² − १) ÷ (क्ष − १) सोपे करायला सांगितले तर मॅक्सिमा ‘क्ष + १’ असे उत्तर देते. क्ष = १ असेल तर मूळ राशीला अर्थच उरत नाही, हे ती बजावत नाही. ते तुम्ही लक्षात ठेवायचे.

करून पाहा

पुढील तीन गणिते आधी हाताने सोडवा, मग घरी किंवा शाळेत संगणक असेल तर मॅक्सिमाला किंवा सिमपायला विचारा.

१. क्ष⁴ + ४ चे अवयव पाडा. (सूचना: ४क्ष² मिळवा आणि वजा करा.)

२. १ पासून २५ पर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्ये येतील? गुणाकार न करता सांगा.

३. क्ष²चे वर्गमूळ क्षच असते का? क्ष = −३ घालून पाहा. मॅक्सिमा काय उत्तर देते, आणि का?

पहिल्याचे उत्तर (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २), दुसऱ्याचे ६. तिसऱ्याचे उत्तर तुम्हीच शोधा. आणि मॅक्सिमाने ते कोणत्या नियमाने काढले अशी शंका आलीच, तर तिची संहिता उघडा. लिस्प शिकावी लागेल खरी, पण तो नियम तेथे लिहिलेला आहे आणि तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.